कात्रीच्या चिठ्ठ्या

नवऱ्याकडून दोन गोष्टी कधीही शिकू नयेत, एक गाडी चालवणं आणि दुसरी इंग्रजी. ताई पहिल्या भानगडीत पडल्याच नाहीत. दुसरीत पडल्या, आणि अशा आपटल्या की पुढे दोन वर्षं त्यांनी घरातल्या इंग्रजी पेपरची घडीसुद्धा मोडली नाही.

मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं अशातला भाग नाही. बत्तीस वर्षं शाळेत त्यांनी दुसरं काही शिकवलंच नव्हतं. निवृत्त झाले तरी खोड जाईना, म्हणून रोज दुपारी चार ते सहा ते वाचनालयात बसून पोरांच्या शंका सोडवायचे, तेही फुकट. व्याकरण विचारा, अवघड शब्द विचारा, अर्ज कसा लिहायचा, निबंध कुठून सुरू करायचा, काय वाटेल ते विचारा. आणि बायको? तिची बढती अर्धं पान इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून अडलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ताई इस्पितळात कामाला होत्या, तळमजल्यावरच्या वाफेच्या खोलीत. पाटीवर भारदस्त नाव होतं, पण सगळे म्हणायचे वाफेची खोली. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुऊन, मोजून, कापडात बांधून मोठ्या यंत्रात वाफवायची आणि परत वर पाठवायची. कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी, एकेका ताटात चाळीस-चाळीस नग. एक इकडचा तिकडे झाला तर वर डॉक्टर खोळंबलेला. पंचवीस वर्षांत ताईंचं ताट कधी चुकलं नाही. त्यांच्या हातची घडी तर सगळ्या इस्पितळात प्रसिद्ध होती. कापडाचे चार कोपरे एकावर एक येणार, आणि शेवटच्या कोपऱ्याचा छोटासा कान तेवढा बाहेर राहणार. तो कान धरून ओढला की घडी आपोआप उलगडते, आतल्या वस्तूला बोट लागत नाही. नव्या पोरींना ताई सांगायच्या, "कान विसरलात तर बाई, सगळं धुतलेलं पाण्यात." ही घडी त्यांच्या बोटांत इतकी मुरली होती की घरातले रुमाल, उशांचे अभ्रे, मास्तरांच्या डब्याचं फडकं, सगळ्याला कान.

खोलीच्या मुख्य बाई निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांच्या जागी ताईच बसणार हे भिंतीवरच्या घड्याळालाही ठाऊक होतं. पण मधे एक परीक्षा होती. खोलीत काही घोटाळा झाला तर मुख्य बाईंनी वर इंग्रजीत अहवाल पाठवायचा असतो, तो लिहिता येतो की नाही हे बघणारी. परीक्षा दोनदाच देता येई. पहिल्या वेळी ताई नापास झाल्या.

आणि का झाल्या म्हणाल, तर मास्तरांमुळे. परीक्षेआधी दोन संध्याकाळी त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. शाळेतली पोरं तीस असतात, राग तिसांत वाटला जातो. इथे सगळा एकटीच्या वाट्याला. "अगं, हे तर पाचवीतलं पोर सांगेल!" असं एकदा झालं, दोनदा झालं. वर त्यांनी आपल्या पोतडीतून असे एकेक जडजंबाळ शब्द काढून दिले की ताईंनी ते घोकून घोकून पेपरात ओतले. अहवाल वाचून पेपर तपासणाऱ्या मेट्रनबाईंना एवढंच कळलं की कुणालातरी कशाचं तरी अतोनात दुःख झालेलं आहे. नेमकं हरवलं काय, ते दोन पानांत कुठेच नव्हतं.

निकालाच्या दिवशी मास्तर म्हणाले, "जाऊ दे. हे तुझं कामच नव्हे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्यांच्या मनात कदाचित समजूत घालायचीही असेल, पण वाक्य सुटलं ते सुटलं. ताईंनी भांडी घासली, ओटा पुसला, आणि तो विषय फडक्यात बांधून ठेवून दिला. कान न ठेवता.

असं दीड वर्ष गेलं. मग एक दिवस मुख्य बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, पुढच्या साली मी जाणार. तुम्ही बसला नाहीत, तर बाहेरून माणूस आणतील. सव्वीस वर्षांची कुणी पोरगी येईल आणि तुम्हाला घडी कशी घालायची ते शिकवेल." हे मात्र ताईंना झोंबलं. परीक्षा द्यायची, हे त्यांनी तिथेच ठरवलं. शिकायचं कुणाकडून, एवढंच राहिलं होतं. क्लासला जावं तर तिथे कोवळी पोरं. आणि घरी विचारण्यापेक्षा वाफेच्या यंत्रात डोकं घातलेलं परवडलं.

उत्तर त्यांच्या रोजच्या वाटेवरच होतं. वाचनालयाच्या दारात मास्तरांची पेटी होती. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटते त्यांनी शंका कागदावर लिहून त्या पेटीत टाकायची. मास्तरांनी नियम केला होता की चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. नावाच्या जागी एक चित्र काढायचं, मासा म्हणा, छत्री म्हणा. मास्तर चिठ्ठीच्या पाठीमागे उत्तर लिहीत, आणि ग्रंथपालबाई ती आतल्या दोरीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्याने लावून ठेवत. ज्याची त्याने आपलं चित्र बघून काढून न्यायची. "लाज गेली की अर्धं इंग्रजी आलं," असं मास्तर घरीदारी सांगत फिरायचे. घरातली लाज कुणी आणली, ते मात्र सोयीस्कर विसरून.

ताईंची पाळी अडीचला सुटायची. एके दिवशी त्या वाचनालयात शिरल्या, इकडेतिकडे बघितलं आणि पिशवीतून चिठ्ठी काढली. तयारी पक्की होती. कागद जुन्या कॅलेंडरचा. अक्षर इस्पितळातल्या चिकटपट्टीवर लिहितात तसं, सुटं आणि ठोकळेबाज, कुणाचंही वाटावं असं. कोपऱ्यात चित्र एक कात्री. चिठ्ठी पेटीत टाकताना छाती अशी धडधडत होती, जसं काही प्रेमपत्रच टाकतायत.

"मास्तरीणबाई?" मागून आवाज आला. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"कुणाला सांगाल तर माझी शपथ आहे," ताई म्हणाल्या.

ग्रंथपालबाईंना बारा महिने सर्दी आणि तेरा महिने चौकशा. पण त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मी कुणाला सांगतेय? पोटात ठेवते. फुगलं पोट तर तुमच्याच इस्पितळात येईन."

दुसऱ्या दिवशी दोरीवर उत्तर लटकत होतं. ताईंनी विचारलं होतं की 'द' हा शब्द कुठे लावायचा, मला तो मिठासारखा वाटतो, सगळीकडे पडतो. पाठीमागे मास्तरांनी निळ्या शाईत लिहिलं होतं, "उपमा आवडली. मिठासारखाच आहे, नसला तर कळतो आणि जास्त झाला तरी कळतो. जी वस्तू सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे, तिला लावा. दहा वाक्यं करून पाठवा. चुकली तर बिघडत नाही, खडू माझ्याकडे पुष्कळ आहे."

ताईंनी ते तीनदा वाचलं. चुकली तर बिघडत नाही? हे त्यांचे अहो? घरी मिठाचा डबा जागेवर नसला तर घर डोक्यावर घेणारे? घरी वाघ आणि चिठ्ठीत कोकरू! त्यांना हसू आवरेना, आणि थोडा रागही आला. ही गोडी परक्यांसाठी राखून ठेवली होती तर.

पण वाक्यं त्यांनी केली. मग पुढची शंका. मग त्याच्या पुढची. आठवड्याला दोन चिठ्ठ्या जाऊ लागल्या. काम झालेलं असेल तर क्रियापद कसं, होणार असेल तर कसं. हरवणं आणि न सापडणं यांत फरक काय. पाठीमागून उत्तरं येत, कधी दोन ओळींची, कधी चांगली लांबलचक, आणि प्रत्येकात कुठेतरी एक मिश्किल टोला. ताई त्या चिठ्ठ्या इस्पितळातल्या आपल्या कप्प्यात, हातमोज्यांच्या खोक्यात ठेवायच्या. दुपारच्या सुट्टीत वाफेच्या घरघरीत बसून वाचायच्या. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपल्याच नवऱ्याच्या अक्षराची वाट बघायची म्हणजे काय, हे त्यांनाच माहीत.

घरी मास्तरांना कशाचा पत्ता नव्हता. रात्री जेवताना ते वाचनालयातल्या गमती सांगायचे. मासा म्हणून एक पोरगा होता, तो दर वेळी अख्खा निबंधच लिहून मागे. "मी लिहिलं, मासा स्वतः पोहतो!" मास्तर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. कात्रीचं नाव निघायचं नाही. ताई भात वाढता वाढता कान टवकारून बसायच्या. चोराच्या मनात चांदणं. पण नाहीच.

मग महिनाभराने एक संध्याकाळ आली. मास्तर वाचनालयातून परतले ते गप्प. रिकामा डबा ओट्यावर ठेवला, त्याचं फडकं हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले. ताईंनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. डबा छान होता."

ताईंच्या हातातला पेला सुटता सुटता राहिला. तीस वर्षांत डबा छान होता हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मात्र कात्री सुरू झाली. "अगं, एक कात्री म्हणून आहे," मास्तर जेवता जेवता म्हणाले, "काय डोकं आहे! शंका विचारावी तर अशी. नेमकं दुखतं तिथे बोट."

"असं?" ताई ताटात बघत म्हणाल्या.

"मेहनत तर बघावी. दहा वाक्यं मागितली की बारा. बत्तीस वर्षांत असा विद्यार्थी मला दोनदा मिळाला असेल नसेल."

"पोरगा असेल कुणी हुशार."

"असेल," मास्तर म्हणाले. "जे कुणी असेल ते. मला तर वाटतं, आधी कुणीतरी गाढवाने शिकवलंय त्याला. नाहीतर इतकं चांगलं डोकं इतकं घाबरलं नसतं."

ताईंना ठसका लागला. मास्तरांनी उठून पाणी दिलं. तेही नवलच.

मग हे रोजचंच होऊन बसलं. कात्रीने आज असं वाक्य केलं, कात्रीने आज अमुक शब्द किती चपखल वापरला. एवढं कौतुक आपलं आपल्या तोंडावर, तेही आपलं आहे हे न कळवता ऐकायचं म्हणजे गुदगुल्या झाल्यावर गंभीर बसण्यासारखं. ताई मान खाली घालून ऐकायच्या आणि ओट्याकडे वळल्या की पोटभर हसून घ्यायच्या. कधी कधी मात्र हसता हसता डोळे भरून यायचे. एवढं सगळं या माणसाच्या पोटात होतं, तर मला कधी का नाही म्हणाला? कात्री हो, मग कौतुक. बायको हो, मग मिठाचा डबा कुठे आहे. एकदा तर त्यांना कात्रीचा चक्क मत्सर वाटला, आणि मग लक्षात आलं की अगंबाई, कात्री म्हणजे तर मीच.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा ताईंचं धैर्य गळालं. खोलीतल्या नव्या मुलीनेही परीक्षेला अर्ज भरला होता, आणि ती इंग्रजी अशी बोलायची जशी काही नळाची तोटी सोडलीय. त्या दुपारी ताईंनी लिहिलेल्या चिठ्ठीत शंका नव्हतीच. आपल्या ठोकळेबाज इंग्रजीत, कुठेही न अडता त्यांनी लिहिलं होतं, "मी ही परीक्षा एकदा नापास झाले आहे. रविवारी शेवटची संधी आहे. मला भीती वाटते. घरच्या एका माणसाने मला सांगितलं होतं की हे तुझं काम नव्हे. कदाचित त्याचं बरोबर असेल."

टाकल्यावर त्यांना वाटलं, हे काय केलं आपण? पण पेटीला हात घालून काढता येईना, आणि ग्रंथपालबाई तर शिंकत समोर उभ्या.

दुसऱ्या दिवशी दोरीवर उत्तर नव्हतं. असं कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. मासा होता, छत्री होती, कात्रीचा चिमटा रिकामा. घरी मास्तरांनी दोन दिवस कात्रीचं नावही काढलं नाही, जेवणही धड केलं नाही. ताईंच्या मनाने घेतलं की संपलं. रडगाणं गाणारा विद्यार्थी या माणसाला कधी आवडला नाही. म्हणजे कात्रीही आता पाचवीतलं पोर झाली.

चौथ्या दिवशी चिठ्ठी होती. पाठीमागे चारच ओळी होत्या आणि अक्षर नेहमीपेक्षा जपून काढलेलं. "त्या माणसाला मी चांगला ओळखतो. अशी माणसं पुष्कळ बोलतात. त्याचं वाक्य चुकलेलं आहे, दुरुस्त करून तुम्हाला मागाहून पाठवीन. रविवारी एवढंच करा: काय दिसलं ते आधी सांगा, मग काय केलंत ते, मग काय राहिलंय ते. आणि पेन खाली ठेवा. माझ्या जातीच्या लोकांचे मोठे मोठे शब्द अजिबात वापरू नका."

ताईंनी ती चिठ्ठी कप्प्यात ठेवली नाही. ब्लाउजमध्ये ठेवली.

शनिवारी रात्री मास्तर नऊ वाजताच उठले आणि दिवा घालवला. "कात्रीची उद्या परीक्षा आहे," ते अंधारात म्हणाले. "वेळेवर झोपली असेल तर बरं."

"तुम्हाला काय त्याची काळजी," ताई म्हणाल्या.

"काळजी आहे खरी," मास्तर म्हणाले, आणि बराच वेळ त्यांच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता.

रविवारी इस्पितळाच्या व्याख्यानाच्या खोलीत तिघीजणी बसल्या. मेट्रनबाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला. ऑपरेशननंतर परत आलेल्या ताटात एक चिमटा कमी आहे, वरिष्ठांना अहवाल लिहा. अर्धं पान, अर्धा तास.

नव्या मुलीचं पेन तत्काळ पळायला लागलं. ताईंच्या डोळ्यांसमोर मात्र दोन वर्षांपूर्वीचे ते सगळे जडजंबाळ शब्द रांगेने येऊन उभे राहिले, आम्हाला घ्या, आम्हाला घ्या म्हणून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कागद कोरा. हे तुझं कामच नव्हे, असं कुणीतरी कानात बोललं.

त्यांनी ब्लाउजवर हात ठेवला. आत कागद चुरचुरला. काय दिसलं ते आधी सांगा. बाई गं, काय दिसलं? ताट दिसलं. सकाळी किती वाजता? नऊ वाजून दहा मिनिटांनी. किती नग हवे होते? चाळीस. किती होते? एकोणचाळीस. हे तर आपण रोज करतो! ताट मांडताना कुणी रडतं का, कुणी क्षमा मागतं का? एकेक नग जागेवर ठेवायचा, मोजायचं, बांधायचं. ताईंनी लिहायला घेतलं. वाक्यामागे वाक्य, एका वाक्यात एकच गोष्ट. मी पुन्हा मोजलं. मी ऑपरेशनच्या खोलीला फोन केला. त्यांनी मळलेलं कापड उघडून पाहिलं. चिमटा अजून मिळालेला नाही. रुग्णाच्या डॉक्टरांना कळवलं आहे. एकूण नऊ वाक्यं झाली. अजून सात मिनिटं उरली होती. हात आणखी काहीतरी लिहायला वळवळत होता, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

निकाल मंगळवारी दुपारी लागला. मेट्रनबाई स्वतः खाली वाफेच्या खोलीत आल्या, हातात पेपर घेऊन. "इतकी वर्षं मी या खोलीतले अहवाल वाचतेय," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक वेळी फोन करून विचारावं लागतं, की बाई, झालं तरी काय? हा पहिला अहवाल, की वाचला आणि कळलं. अभिनंदन, मुख्य बाई."

खोलीत जो गलका झाला तो विचारू नका. नव्या मुलीनेच आधी मिठी मारली, आणि म्हणाली, "ताई, मी तर तीन पानं लिहिली आणि चिमट्याचं सांगायचंच विसरले." निवृत्त व्हायला निघालेल्या मुख्य बाई रडायला लागल्या. कुणीतरी बिस्किटं आणली. ताईंना मात्र एकच घाई झाली होती.

त्या वाचनालयात पोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. पहिल्यांदाच मास्तरांच्या वेळेत. आत पोरांच्या गराड्यात मास्तर बसलेले दारातून दिसत होते, समोर डबा, नाकावर चष्मा. ताईंनी उभ्या उभ्याच एका कागदावर दोन शब्द लिहिले, "पास झाले," खाली कात्री काढली, घडी घातली आणि पेटीत न टाकता ग्रंथपालबाईंच्या हातात दिली. "आत्ताच्या आत्ता द्या," म्हणाल्या, आणि स्वतः शब्दकोशांच्या कपाटामागे जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी फटीतून बघितलं. मास्तरांनी चिठ्ठी उलगडली, वाचली. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग माशाच्या पाठीत असा धपाटा घातला की तो पोरगा दचकून उभाच राहिला. "आज शंका बंद!" मास्तर ओरडले. वाचनालयात ते पहिल्यांदाच ओरडले असावेत. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. लिहून आधीच तयार होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि घडी घालायला लागले. एकदा घातली, मोडली. जीभ दातांत धरून पुन्हा घातली. ग्रंथपालबाई शेजारी उभ्या राहून सर्दीने की कशाने नाक ओढत होत्या.

घडी जमली तशी ग्रंथपालबाईंनी तो कागद कपाटामागे आणून ताईंच्या तळहातावर ठेवला.

ताईंनी तो डोळ्यांजवळ धरून बघितला. चारही कोपरे एकावर एक होते, वेडेवाकडे, शिकाऊ हाताने आणलेले. आणि शेवटच्या कोपऱ्याचा छोटासा कान बाहेर राखलेला होता.

अक्षर लपवलं, कागद लपवला, नाव लपवलं, आणि आठ महिने प्रत्येक चिठ्ठी आपल्या घडीत बांधून पाठवली! बाहेर कान काढून! सही करून पाठवली असती तरी एवढं पक्कं झालं नसतं. ताईंनी तोंडावर हात ठेवला. मग कान धरून ओढला. घडी उलगडली.

आत या वेळी मराठी होतं. "तुझी सातवी चिठ्ठी आणि माझा डबा एकदा टेबलावर शेजारी शेजारी पडले. दोन कान बघितले आणि कळलं. सांगितलं नाही, कारण मला कळलंय हे कळलं असतं तर तू विचारायची थांबली असतीस, आणि मी पुन्हा ओरडायला लागलो असतो. रोज रात्री जे बोलत होतो ते कात्रीशी नाही, तुझ्याशीच बोलत होतो. तोंडावर बोलायला जमत नव्हतं. दुरुस्ती द्यायची राहिली होती, ती देतो."

खाली तेच वाक्य होतं. हे तुझं कामच नव्हे. त्यावर लाल शाईने आडवी रेघ. आणि त्याखाली, शाळेत फळ्यावर काढायचे तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "तुला शिकवणं हे माझं काम नव्हतं. शिकवायचं कसं, ते मी तुझ्याकडून शिकलो."

ताईंनी वर बघितलं. मास्तर कपाटाच्या कोपऱ्याशी येऊन उभे होते, रिकाम्या डब्याचं फडकं हातात घेऊन, उशिरा आलेल्या पोरासारखे.

"आठ महिने!" ताई म्हणाल्या. "आठ महिने मला बनवलंत!"

"अगं, तूच मला बनवत होतीस!"

"आणि मला गाढवाने शिकवलंय म्हणालात ते?"

"ते तर खरंच होतं," मास्तर म्हणाले.

ग्रंथपालबाई मागून म्हणाल्या, "दोघांचीही गुपितं पोटात ठेवून माझी काय दशा झालीय ते मला विचारा. सात महिने! यांनीही मला शपथ घातलेली, त्यांनीही घातलेली."

मास्तरांनी जवळ येऊन कागद ताईंच्या हातातून घेतला आणि पुन्हा घडी घालायला लागले. "दाखव जरा," ते हळूच म्हणाले, "हा शेवटचा कोपरा माझा नेहमी आत जातो."

ताईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या चुरगळलेल्या कागदाकडे. हे तर पाचवीतलं पोर करेल, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"चुकली तर बिघडत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं.